प्रारब्धाचा शिक्का: कीर्तनकार-प्रवचनकारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व कीर्तनकार आणि प्रवचनकार यांस

माणूस जे करतो ते स्वतःच्या इच्छेने करतो, की आधीच ठरलेले त्याच्या हातून घडते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात अजूनही चर्चिला जातो. दहाव्याच्या प्रवचनात, सप्ताहाच्या मांडवात आणि लग्न जुळवण्याच्या बैठकीत मात्र तो रोज निकालात निघतो. निकाल बहुधा एकच असतो: ज्याचे त्याचे प्रारब्ध. मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाते, सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते असे मानले जाते. पुढे ते मूल परीक्षेत नापास झाले, कर्जात बुडाले किंवा अकाली गेले, तर त्या लेखाकडे बोट दाखवले जाते. हे बोट दाखवणाऱ्यांमध्ये ज्यांचे म्हणणे लोक सर्वाधिक विश्वासाने ऐकतात ते कीर्तनकार आणि प्रवचनकार. म्हणून हे पत्र ज्योतिषांना किंवा प्राध्यापकांना न लिहिता त्यांना लिहिलेले आहे.

प्रारब्ध हा शब्द व्यवहारात तीन निरनिराळ्या विधानांसाठी वापरला जातो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे कारण असते, हे एक विधान. माणसाने काहीही केले तरी शेवट ठरलेलाच असतो, हे दुसरे. आज ज्याच्या वाट्याला जे आले ते त्याचेच पूर्वी केलेले आहे, हे तिसरे. पहिले मानले म्हणजे दुसरे आणि तिसरे आपोआप सिद्ध होते असे गृहीत धरले जाते. ते सिद्ध होत नाही.

दुसरे विधान, म्हणजे खरीखुरी नियती, भारतात कोणी प्रामाणिकपणे आणि शेवटपर्यंत मांडली असेल तर ती मक्खली गोशालाने. तो महावीर आणि बुद्ध यांचा समकालीन, आजीवक पंथाचा आचार्य. त्याच्या मते पुरुषार्थ, बळ, पराक्रम असे काही नसतेच. सुतगुंडी फेकली की ती सूत संपेपर्यंत उलगडत जाते, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही चौऱ्यांशी लाख महाकल्प फिरून आपोआप मुक्त होतात. ना तपाने ते लवकर होते, ना पापाने उशिरा. हा पंथ किरकोळ नव्हता. गयेजवळच्या बराबर टेकडीवरील गुहा सम्राट अशोकाने आजीवकांना दान दिल्या आणि दक्षिणेत त्यांच्या खुणा चौदाव्या शतकापर्यंत सापडतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की गोशालाच्या मताला विरोध वैदिक, जैन आणि बौद्ध या तिघांनीही केला. एरवी या तिघांचे एकमत फार थोड्या गोष्टींवर झालेले दिसते.

जैनांच्या ‘उपासकदशांग’ या आगमात या वादाचा एक प्रसंग आहे आणि कीर्तनात आख्यान म्हणून तो सहज रंगेल. पोलासपूर नगरात सद्दालपुत्त नावाचा श्रीमंत कुंभार राहत असे. नगराबाहेर त्याच्या पाचशे कार्यशाळा होत्या आणि तो आजीवकांचा निष्ठावंत अनुयायी होता. महावीर त्याच्याकडे उतरले असताना मडकी उन्हात वाळत पडली होती. महावीरांनी विचारले, ही मडकी कशी तयार होतात? कुंभाराने माती, पाणी, राख, चाक असा सगळा क्रम सांगितला. मग हे प्रयत्नाने होते की प्रयत्नावाचून, असा पुढचा प्रश्न आला. कुंभार पंथाला जागला. म्हणाला, प्रयत्नावाचून, सगळे नियतच असते. यावर महावीरांनी विचारले की कोणी ही मडकी चोरली, फोडली किंवा त्याच्या पत्नीवर, अग्निमित्रेवर, हात टाकला तर तो काय करील? सद्दालपुत्त म्हणाला, त्याला धरीन, बडवीन, ठारही मारीन. पण प्रयत्न नावाची गोष्टच नसेल आणि सारे ठरलेले असेल, तर त्या माणसाने काहीच केलेले नाही. मग त्याला मारायचे कशासाठी? कुंभाराला उत्तर सुचले नाही.

या युक्तिवादाने नियती खोटी ठरत नाही, हे खरे आहे. मारणेही नियतच होते, असे कुंभाराला म्हणता आले असते. पण ती मानणारा माणूस स्वतःच्या मडक्यांपुरता ती सोडून देतो, हे त्यातून उघडे पडते. नियतीचे हे लक्षण आजही बदललेले नाही. दुसऱ्याच्या शेतात पाणी शिरले की प्रारब्ध आठवते. स्वतःच्या बांधावर कोणी चार बोटे सरकला की तलाठी आठवतो.

ग्रीसमधील स्टोइक विचारवंत कारणांची अखंड साखळी मानणारे. त्यांनाही असाच पेच घातला गेला: बरे होणे ठरलेले असेल तर वैद्य कशाला, मरणे ठरलेले असेल तरी वैद्य कशाला? त्यांच्यातील क्रिसिप्पसचे उत्तर थोडक्यात असे की बरे होणे ज्या साखळीत आहे त्याच साखळीत वैद्याला बोलावणेही एक कडी आहे. ती काढली तर पुढचेही घडत नाही. म्हणजे कारणपरंपरा मानूनही ‘काही केले तरी तेच होणार’ हा निष्कर्ष निघत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या विधानातला फरक इतका साधा आहे.

कीर्तनकारांचा रोजचा आधार असलेल्या ग्रंथांत हा फरक फार बारकाईने केलेला आहे. महाभारताच्या वनपर्वात राज्य गमावलेल्या युधिष्ठिराशी द्रौपदी वाद घालते. प्रारंभी ती स्वतःच म्हणते की माणसे ईश्वराच्या हातातली बाहुली आहेत. मग युधिष्ठिराचे ऐकून ती नव्या बाजूने बोलू लागते. काही गोष्टी अकस्मात घडतात, काही दैवाने, काही स्वतःच्या कर्माने, असे तिचे वर्गीकरण आहे. आणि ही नीती आपण लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून एका विद्वान ब्राह्मणाच्या तोंडून ऐकली, असेही ती सांगते. त्यातच शेतकऱ्याचा दाखला येतो. शेतकरी नांगरतो, पेरतो आणि मग पावसाची वाट पाहतो. पाऊस पडला नाही तर त्यात शेतकऱ्याचा दोष नाही; दुसरा कोणी जे करील ते त्याने केले आहे.

मराठवाड्यातल्या प्रवचनात हा भाग क्वचितच सांगितला जातो. द्रौपदी इथे प्रयत्नाची महती गाऊन थांबत नाही. अपयशातला किती भाग माणसाचा आणि किती त्याच्या हाताबाहेरचा, हे ती वेगळे काढते आणि हाताबाहेरच्या भागाबद्दल त्याला निर्दोष ठरवते. नापिकी झालेल्या माणसाला तिच्या तोंडून दोषमुक्ती मिळते. प्रारब्धाच्या लोकप्रिय अर्थाने नेमका तोच दोषी ठरतो, फक्त गुन्हा मागच्या जन्मात ढकललेला असतो.

योगवासिष्ठ याच्याही पुढे जातो. तिथे वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणजे पूर्वी केलेला प्रयत्नच. आधीचा आणि आताचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे टकरा घेतात आणि बलवान असेल तो जिंकतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे दिली आहेत, त्यात पाचवे दैव. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या दैवाचा अर्थ इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता असा घेतला आहे. नशिबाशी त्याचा संबंध नाही. आणि तोच अध्याय संपताना श्रीकृष्ण अर्जुनाला सगळे सांगून झाल्यावर निर्णय त्याच्यावर सोपवतो. पाचांपैकी एका कारणाला बाकीच्या चारांवर बसवणे, ही पुढच्या सांगणाऱ्यांची सोय.

महाराष्ट्रात या प्रश्नावर सर्वांत कसून लिहिले ते लोकमान्य टिळकांनी. 22 जुलै 1908 रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्युरीने त्यांना दोषी ठरवले, तेव्हा माणसांच्या आणि राष्ट्रांच्या भवितव्यावर या न्यायासनाहून श्रेष्ठ शक्तींची सत्ता चालते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ते शब्द आज त्याच इमारतीत संगमरवरावर कोरलेले आहेत. हा माणूस दैववादी म्हणावा, तर मंडालेच्या तुरुंगात 1910-11च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेल्या ‘गीतारहस्या’चे दहावे प्रकरण ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ याच विषयावर आहे. कर्माचे बंधन अनादी असले तरी त्यातून सुटण्याची प्रवृत्ती आत्म्याला स्वतंत्रपणे असते आणि त्यामुळेच उपदेशाला अर्थ राहतो, असा त्या प्रकरणाचा रोख आहे. शास्त्र ‘हे कर, ते करू नकोस’ असे सांगते. ऐकणाऱ्याला निवडच नसेल तर सांगणे व्यर्थ. ब्रह्मसूत्रांतही जीव कर्ता आहे हे दाखवताना मुख्य मुद्दा हाच आहे. कीर्तनकाराला तो अधिकच जवळचा असायला हवा, कारण श्रोता बदलू शकत नसेल तर पूर्वरंगाला तरी काय काम?

पूर्वसंचितापैकी ज्याचे फळ भोगणे सुरू झाले तेवढेच प्रारब्ध, बाकी अनारब्ध, हा वेदान्तातला भेदही विसरला जातो. शास्त्राच्या हिशेबात प्रारब्ध हा एकूण कर्माचा एक मर्यादित तुकडा आहे. बोलण्यात त्याने सगळी जागा व्यापली.

नारदीय कीर्तनकार ज्या गादीवर उभा राहतो ती नारदाची म्हणतात. सावित्रीच्या आख्यानात भविष्य सांगणारा नारदच आहे. राजा अश्वपतीने मुलीला स्वतः वर शोधायला पाठवले होते. तिने सत्यवान निवडला आणि तो बरोबर एका वर्षाने मरणार, हे नारदाने भर सभेत सांगितले. राजा म्हणाला, दुसरा पाहा. सावित्रीने नकार दिला. यानंतर नारद हट्ट धरत नाही; तिची बुद्धी स्थिर आहे असे म्हणून तो विवाहाला संमती देतो. वटपौर्णिमेला ही कथा पातिव्रत्याची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेही. पण मूळ कथेत यमाला मागे फिरायला लावते ती सावित्रीची वाणी. ती सरळ नवऱ्याचे प्राण मागत नाही. सासऱ्याची दृष्टी, राज्य, वडिलांना पुत्र, स्वतःला पुत्र असे एकेक वर मिळवत यमाला शब्दात पकडते. मृत्यूची तारीख माहीत असताना केलेली निवड आणि तारखेच्या दिवशी केलेला युक्तिवाद, या दोन्ही गोष्टी नियतीच्या कथेत बसत नाहीत. तरीही हे आख्यान दैवाचा महिमा म्हणूनही सांगितले जाते, हे नवल.

विज्ञान दैवाच्या बाजूने साक्ष देते, असे हल्ली काही प्रवचनांत ऐकू येते. ते अर्धवट ऐकलेले असते. 1814 मध्ये गणितज्ञ लाप्लासने मांडले की विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती आणि सर्व बले ज्ञात असलेल्या बुद्धीला भूत-भविष्य सारखेच स्पष्ट दिसेल. विसाव्या शतकात पुंजभौतिकीने अणूच्या पातळीवर हे चित्र डळमळीत केले. मात्र त्यामुळे माणसाला स्वातंत्र्य मिळाले असेही नाही. अणू अचानक कसाही वागला म्हणजे माणूस विचारपूर्वक वागला, असे कोण म्हणेल?

अधिक गाजला तो 1983 मधील मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेटचा प्रयोग. लोकांनी मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि तसे करावेसे वाटले त्या क्षणी फिरत्या ठिपक्याची जागा लक्षात ठेवायची. मेंदूतील विद्युत हालचाल हात हलण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी सुरू होई. इच्छेची जाणीव मात्र फक्त एक पंचमांश सेकंद आधी. मेंदू आधी ठरवतो आणि माणसाला मागाहून कळते, असा अर्थ त्यातून काढला गेला. खुद्द लिबेटला तो पूर्ण मान्य नव्हता. उरलेल्या क्षणात कृती रोखता येते असे त्याचे मत होते. 2008 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी कोणते बटण दाबले जाईल याचा मागमूस काही सेकंद आधी मेंदूत पाहिला, पण त्यावरून केलेले भाकीत शंभरात साठाच्या आसपास खरे ठरले. नाणे उडवूनही पन्नास येतात. 2012 मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लिबेटने टिपलेली ती चढण मेंदूतील यादृच्छिक चढ-उतारांतूनही तयार होऊ शकते. आणि मूळ मुद्दा राहतोच: विनाकारण मनगट हलवणे आणि मुलीचे लग्न पंधराव्या वर्षी लावायचे की तिला शाळेत ठेवायचे हे ठरवणे, या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. दुसरा निर्णय महिनोन्महिने चालतो, त्यात माणसे बोलतात, भांडतात, मन बदलतात.

कुंडलीचा निकाल पुण्यात 2008 मध्ये लागला. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह हुशार आणि गतिमंद अशा दोनशे मुलांच्या जन्मवेळा जमवून कुंडल्या मांडल्या आणि ज्योतिषांना आव्हान दिले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या. कोणती कोणत्या गटातली, एवढेच ओळखायचे. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे दिली. सर्वांत चांगल्याची चोवीस बरोबर आली आणि सर्वांची सरासरी शेकडा 46 भरली. सटवाईचा लेख असला तर तो निदान पत्रिकेत उतरलेला नाही.

मग माणूस पूर्ण स्वतंत्र आहे काय? तसेही दिसत नाही. जन्म, भाषा, शरीर, बालपणीची भूक, आईबापांचे शिक्षण, यांतले काहीच कोणी निवडलेले नसते. 2003 मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात एका शिक्षकाची हकीकत प्रसिद्ध झाली: चाळिशीत अचानक त्याच्यात लैंगिक विकृती दिसू लागली, तपासणीत मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली, गाठ काढल्यावर विकृती गेली आणि गाठ पुन्हा वाढली तेव्हा ती परतली. कायद्यानेही हे आपल्या परीने ओळखले आहे. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही, सात ते बारा या वयात मुलाची समज पाहिली जाते आणि मनोविकारामुळे कृत्याचे स्वरूपच कळत नसेल तर कलम 22 प्रमाणे तो गुन्हा होत नाही. स्वातंत्र्य असते किंवा नसते असे कायदा मानत नाही; ते कमी-जास्त असते. कारणे समजून घेऊन, परिणाम तोलून, दुसऱ्याचे ऐकून वागणे बदलण्याची क्षमता, हा त्याचा व्यवहार्य अर्थ. ती झोपेने, शिक्षणाने, पोटभर अन्नाने वाढते. व्यसनाने, भीतीने, कर्जाच्या तगाद्याने आक्रसते. प्रारब्धावर बोलणाऱ्याने खरे तर या वाढण्या-घटण्यावर बोलावे.

ज्याला प्रारब्ध म्हणतात ते बदलता येते, हे कोकणातल्या विंचवाने दाखवून दिले आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले. लहान मुले घामाने भिजत, हातपाय गार पडत, फुप्फुसांत पाणी साचे आणि एक-दोन दिवसांत संपत. गंभीर दंशाच्या दहा रुग्णांपैकी तीन-चार दगावत. मंत्र-तंत्र झाल्यावर मागे उरे तो एकच शब्द, प्रारब्ध. बावस्करांनी रुग्णांशेजारी बसून लक्षणांचा क्रम नोंदला, विषामुळे हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर काय होते ते ओळखले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध 1980च्या दशकात वापरायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. विंचू तोच राहिला, विषही तेच, आणि मुलेही त्याच वाड्यांतली. त्यांचे प्रारब्ध एका दशकात बदलले असे म्हणायचे असेल, तर ते कोणी बदलले हेही सांगावे लागेल.

आज वाट्याला आले ते पूर्वी केलेलेच, हे तिसरे विधान तिन्हींत सर्वांत घातक आहे, कारण त्यात दुःखाबरोबर अपराधही माणसाच्या पदरात पडतो. चोखामेळ्याच्या नावावरील एका अभंगात आपला महार जन्म पूर्वजन्मीच्या निंदेचे फळ असल्याचे म्हटले आहे. इतक्या मोठ्या संताकडूनही व्यवस्थेने हे वदवून घेतले. त्याच्याच घरात, मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत, देवालाच जाब विचारलेला आढळतो. वारकरी कीर्तनात बापाचे अभंग पुष्कळ होतात, मुलाचे फार कमी. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची चिरफाड केली. गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. त्याआधी महात्मा फुल्यांनी 1883 मधील ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ग्रहदशेच्या नावाने शेतकरी जन्मापासून मरणापर्यंत कसा नाडला जातो, याची यादीच दिली आहे. दोघांचा रोख एकच होता: कर्ज, रोग, अस्पृश्यता यांना माणसांनी केलेली कारणे आहेत आणि प्रारब्ध म्हटले की ती दिसेनाशी होतात.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. तरुण मुलगा गेलेल्या आईला ‘आयुष्याची दोरी तेवढीच होती’ या वाक्याने आधार मिळतो. आपण जरा आधी दवाखान्यात नेले असते तर, हा विचार तिला रात्रभर कुरतडत असतो. प्रारब्ध हा शब्द तो थांबवतो. हा उपयोग खरा आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्याने दहाव्याला कधी बसून पाहिलेले नाही. दैवावरच्या श्रद्धेने माणूस आळशी आणि बेजबाबदार होतो, हा सुधारकांचा आवडता दावाही प्रयोगांत पक्का ठरलेला नाही. 2008 मध्ये एका अभ्यासात नियतिवादी मजकूर वाचलेले लोक अधिक लबाडी करतात असे दिसले, पण पुढे इतरांना तोच निकाल पुन्हा मिळवता आला नाही. तेव्हा तक्रार श्रद्धेबद्दल नाही. स्वतःच्या झालेल्या दुःखाला माणसाने काय म्हणावे हा त्याचा अधिकार. दुसऱ्याच्या दुःखावर आणि अजून न घडलेल्या गोष्टीवर तोच शिक्का मारण्याचा अधिकार ना ग्रंथ देतात, ना विज्ञान.

कीर्तनातून हे सांगता येत नाही असे कोणी म्हणू नये. गाडगेबाबांनी हयातभर कीर्तनातच कर्ज काढून सण-लग्ने करू नका, बळी देऊ नका, मुलांना शिकवा, हे सांगितले आणि माणसे त्यांच्यासमोर हजारोंनी बसत.

कीर्तनकार-प्रवचनकारांना विनंती अशी की वनपर्वातील द्रौपदीचे बोलणे पुराणाच्या मांडवात यावे, विशेषतः दुष्काळी तालुक्यांत. कर्ममेळ्याचा अभंग निरूपणाला घ्यावा. वटपौर्णिमेला नारदाचे भाकीत सांगितल्यावर त्याची संमतीही सांगावी. आणि दहाव्याच्या प्रवचनात घरच्यांचे सांत्वन झाले की जमलेल्या गावाला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: मृत्यूचे कारण कोणते होते, आणि विंचू-सापाच्या दंशावरचे औषध, प्रसूतीची सोय किंवा कर्जाच्या पेचात सल्ला जवळात जवळ कुठे मिळतो. गावातले इतके लोक एका जागी, एवढे शांत बसून, दुसऱ्या कोणाचे ऐकत नाहीत.